पाऊस पडता तर...

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. स्पॅनिश भाषेतल्या क्रियापदाचे एक रूप, आणि त्यावर सोलापूरच्या आकाशवाणीवरून भाषण! ज्वारीचा भाव, डाळिंबावरची रोगराई, उजनीचे पाणी हे विषय सोडून हे कुठले खूळ, असे कोणी म्हटले तर मी रागावणार नाही. पण पंधरा मिनिटे धीर धरा. हे रूप स्पेनातले असले, तरी त्याची गाठ शेवटी आपल्या पावसाशी आणि आपल्या पोरांच्या फीशी पडते, हे मी तुम्हाला दाखवणार आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. स्पॅनिश शिकलो ते केवळ हौसेने, आणि तेही बेताचेच. आमच्या जुळे सोलापुरात शेजारी एक मुलगी राहते. तिने भाषांतराचे काम मिळावे म्हणून स्पॅनिश शिकायला घेतले. सुमारे वीस देशांचा कारभार या भाषेत चालतो आणि जवळजवळ पन्नास कोटी लोकांची ती मातृभाषा आहे, म्हणजे कामाला तोटा नाही. चार-सहा महिने तिचे बरे चालले. मग एके दिवशी संध्याकाळी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, मी हे सोडून देते. रूपं सगळी पाठ आहेत, पण ती कधी वापरायची ते डोक्यात शिरत नाही."

तिने वही उघडली. त्यात होते ते हेच रूप. त्याच्या नावाचे मराठीकरण करायचे, तर 'अपूर्ण भूतकाळाचे संशयी रूप' असे काहीसे अवघड नाव होते. नावानेच माणूस घाबरावा!

रूपे बनवणे मात्र सोपे आहे, बरं का. स्पॅनिशमध्ये क्रियापदांची तीन कुळे आहेत. 'आर'ने संपणारी, 'एर'ने संपणारी आणि 'इर'ने संपणारी. आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे जेवणे आणि बिबिर म्हणजे राहणे किंवा जगणे. आता 'ते बोलले' हे भूतकाळाचे रूप घ्या: आब्लारोन. 'ते जेवले' म्हणजे कोमिएरोन. 'ते राहिले' म्हणजे बिबिएरोन. यांच्या शेवटचा 'रोन' काढून टाका आणि तिथे 'रा' लावा. आब्लारा, कोमिएरा, बिबिएरा. झाले! पुढे पुरुषाप्रमाणे शेपूट बदलते. मी आब्लारा, तू आब्लारास, तो किंवा ती आब्लारा, आम्ही आब्लारामोस, तुम्ही आब्लाराइस, ते आब्लारान. 'मी' आणि 'तो' यांचे रूप एकच असते, एवढे ध्यानात ठेवावे. आणि 'आम्ही'च्या रूपात आवाजाचा जोर 'रा'च्या आधीच्या स्वरावर येतो: आ-ब्ला-रामोस.

याच रूपाला एक जुळा भाऊ आहे. 'रा'च्या जागी 'से' लावले तरी चालते: आब्लासे, कोमिएसे, बिबिएसे. दोघांचे मूळ लॅटिनमध्ये आहे, पण वेगवेगळ्या रूपांत. बोलण्यात 'रा'चे रूप अधिक चालते, आणि मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेत तर त्याचेच राज्य आहे. शिकणाऱ्याने 'रा' बोलावे आणि 'से' ऐकून ओळखावे, एवढे पुरे.

हे सगळे त्या मुलीला येत होते. तिचे अडले होते ते दुसरीकडे. ती म्हणाली, "आब्लारा म्हणजे मराठीत काय? एक शब्द सांगा."

मी विचार करत होतो, तेवढ्यात तिची आजी तिला शोधत आली. ती अक्कलकोटकडची, शाळेची पायरी न चढलेली. नात रडकुंडीला आलेली पाहून म्हणाली, "तुझे आजोबा असते, तर त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता गं."

मी त्या मुलीला म्हटले, "हे बघ. आजीने आत्ता जे म्हटलं, तेच तुझं रूप."

श्रोतेहो, 'आजोबा असते तर' या तीन शब्दांत काय आहे? आजोबा नाहीत, हे आजीला माहीत आहे. नातीलाही माहीत आहे. तरी क्षणभर ते आहेत असे धरून चालायचे, आणि तसे धरताना ते खरे नाही याचीही खूण वाक्यात ठेवायची, हे काम क्रियापदाचे एक रूप करते. आमच्या व्याकरणात त्याला संकेतार्थ म्हणतात. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले आणि मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ १९११ साली आला. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे क्रियापदाचे चार अर्थ आपण शाळेत घोकले, ते या परंपरेतून. घोकले, आणि परीक्षा झाल्यावर विसरलो.

आता शेतावर चला. मृगाचा पाऊस अजून व्हायचा आहे. शेतकरी म्हणतो, "पाऊस पडला तर पेरीन." इथे दार उघडे आहे. पाऊस पडेल किंवा पडणार नाही. स्पॅनिश माणूस म्हणेल, "सी युएबे, सेम्ब्रारे." 'सी' म्हणजे जर. इथे आब्लारासारख्या रूपाचे काहीच काम नाही. गंमत अशी की मराठीने इथे 'पडला' हे भूतकाळाचे रूप वापरले आणि स्पॅनिशने वर्तमानकाळाचे.

पुढे नक्षत्रे कोरडी गेली. आभाळ पांढरेफटक आहे. तोच शेतकरी म्हणतो, "पाऊस पडता, तर पेरतो." म्हणजे पाऊस नाही आणि पेरणीही नाही. दार लागले आहे. आता स्पॅनिश माणूस आपले रूप काढतो: "सी योबिएरा, सेम्ब्रारिआ." पाऊस पडण्याच्या क्रियापदाचा धातू वर्तमानकाळात थोडा बदलतो खरा, पण हे रूप त्यानेही आपल्या सरळ नियमानेच बनवले आहे: योबिएरोनमधला 'रोन' काढला आणि 'रा' लावला.

आणि वर्ष उलटून गेल्यावर शेतकरी म्हणतो, "पाऊस पडला असता, तर पेरले असते." स्पॅनिशमध्येही असेच दोन शब्द लागतात: "सी उबिएरा योबिदो." उबिएरा म्हणजे 'असता' आणि योबिदो म्हणजे 'पडलेला'. सात समुद्र दूर असलेल्या दोन भाषांनी एकाच दुःखासाठी एकाच बांधणीचे वाक्य केले आहे. फरक एवढाच, की आजची पुस्तकी मराठी 'पडता तर' हे रूप फारसे वापरत नाही. सगळीकडे 'पडला असता तर' यावरच भागवते. स्पॅनिशने दोन्ही रूपे आपापल्या जागी राखली आहेत.

'पडता तर' हे रूप मात्र मेलेले नाही. जुन्या माणसांच्या तोंडी ते आहे. "मी तुझ्या जागी असतो, तर गप्प बसलो नसतो," हे आपण रोज म्हणतो, त्यातला 'असतो' तोच आहे. आणि हिंदीत तर ते ठणठणीत आहे: वह आता तो मैं जाता. तो येतो, हे वर्तमान. तो येता तर, हा संकेत. एका ओकाराचा आकार झाला की असलेली गोष्ट नसलेली होते!

इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. या भाषणाला मी तयार झालो, तो खरे तर तिच्यासाठीच.

२०१५ साली आपल्या भागात मोठा दुष्काळ होता, तो तुम्हाला सांगायला नको. त्या वर्षी बी.ए.च्या पहिल्या वर्गात एक मुलगा होता. खेड्यातून येणारा, अबोल, शेवटच्या बाकावर बसणारा. मी वर्गाला 'माझे घर' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. त्याने दीड पान लिहिले. विहीर, बैल विकले, बाप सोलापुरात कामाला गेला, असे. शेवटचे वाक्य होते: "पाऊस पडता तर मी दुसऱ्या सत्राची फी भरतो."

मी लाल पेन उचलला. 'पडता' खोडून 'पडला' केले. 'भरतो' खोडून 'भरीन' केले. समासात लिहिले, "काळाकडे लक्ष द्यावे." आणि वही परत दिली.

दुसऱ्या सत्राला तो आला नाही.

ते वाक्य चुकलेले नव्हते, श्रोतेहो. ते शुद्ध संकेतार्थातले, त्याच्या आजा-पणज्याच्या बोलीतले मराठी होते. तो सांगत होता की पाऊस पडला नाही, म्हणून मला फी भरता येत नाही. मी ते 'पाऊस पडला तर मी फी भरीन' असे केले. त्याने दार लागल्याचे सांगितले होते, मी त्याच्याकडून वायदा लिहून घेतला! एम.ए. झालेल्या मराठीच्या माणसाला मराठीतली एक मात्रा वाचता आली नाही.

माझ्या चुकीचे एक कारण व्याकरणातच आहे. संकेतार्थात 'तो भरता' असे रूप होते, ते लगेच वेगळे ओळखू येते. पण 'मी'चे रूप 'भरतो' असेच राहते. वर्तमानकाळातला 'मी भरतो' आणि संकेतातला 'मी भरतो' दिसायला एकच. मग ओळखायचे कशावरून? शेजारच्या 'पडता'वरून. आणि तोच शब्द मी आधी खोडला होता.

त्या संध्याकाळी मुलीला शिकवताना हे सगळे मला आठवले, कारण स्पॅनिशमध्येही नेमका असाच एक खड्डा आहे. आपल्या 'पगार' या शब्दाचे उदाहरण घेऊ. हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला, जसे चावी, बादली, पाव हे आले. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. तिच्यात पागार म्हणजे पैसे देणे, भरणे. आता नियम लावा. पागारोन, म्हणजे त्यांनी भरले. 'रोन' काढा, 'रा' लावा: पागारा. जोर 'गा'वर द्या. पा-गा-रा, 'गा' ठासून म्हणा. सी पागारा, म्हणजे 'तो पैसे भरता तर', भरत नाही हे धरून. आणि तीच अक्षरे घेऊन जोर शेवटच्या 'रा'वर टाका. पा-गा-रा, 'रा' ठासून. झाला भविष्यकाळ: 'तो पैसे भरेल'.

लिहिताना शेवटच्या अक्षरावर एक बारीक तिरकी रेघ देतात, एवढीच खूण. बोलताना आवाजाचा नुसता झटका. त्या एका झटक्यावर न भरता आलेली फी आणि भरण्याचे वचन यांतला फरक अवलंबून आहे. मुलीला मी म्हटले, "बाई, रूप पाठ झालंय, आता जोर पाठ कर. नाहीतर समोरचा गरीब माणूस अडचण सांगत असेल आणि तू ती वायदा म्हणून भाषांतर करशील." ती हसली. मला हसू आले नाही.

आता या रूपाचा दुसरा उपयोग सांगतो, कारण मराठी माणूस इथे हमखास अडखळतो. आई म्हणते, "मुलाने शिकावे असे मला वाटते." तीच आई दहा वर्षांनी म्हणते, "मुलाने शिकावे असे मला वाटत होते." दोन्ही वाक्यांत 'शिकावे' तेच राहिले. आपल्या विध्यर्थाला काळ लागत नाही. स्पॅनिशमध्ये लागतो. शिकणे म्हणजे एस्तुदिआर. 'तिला वाटते की त्याने शिकावे' म्हणताना एस्तुदिए. 'तिला वाटत होते की त्याने शिकावे' म्हणताना एस्तुदिआरा. इच्छा मागे गेली की इच्छेतले कामही तिच्या पाठोपाठ मागे जाते. मुख्य वाक्य भूतकाळात असेल आणि त्यात इच्छा, विनंती, भीती किंवा शंका असेल, तर आतल्या वाक्यात 'रा'चे रूप घालावे. थोडक्यात, आपला संकेतार्थ आणि विध्यर्थ मिळून जे काम करतात, त्यातले बरेचसे हे एक रूप करते. म्हणूनच त्याला मराठीत एक शब्द सापडत नाही, आणि म्हणूनच ती मुलगी अडली होती. तिची बुद्धी कमी पडली नव्हती, तिने प्रश्न एका शब्दाचा विचारला होता आणि उत्तर दोन शब्दांचे होते.

तिसरा उपयोग आर्जवाचा. दुकानात आपण म्हणतो, "जरा साखर हवी होती." हवी तर आत्ताच असते, पण 'होती' म्हटल्याने मागणी मऊ होते. स्पॅनिश माणूसही अशा वेळी 'मला हवे' न म्हणता 'किसिएरा' म्हणतो. हे क्रियापद नियमाबाहेरचे आहे, पण शेपूट तेच, 'रा'चे.

आणि चौथा उपयोग तर सोलापूरकरांना ओळखीचा वाटेल. स्पॅनिशमध्ये 'ओखाला' असा एक शब्द आहे. स्पेनवर अरबांची सत्ता काही शतके होती, त्या काळात तो अरबीतून आला. मूळ अर्थ, 'अल्लाने इच्छिले तर'. आपल्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येतात. त्यातल्या दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या तोंडचा 'इन्शाल्ला' याचाच नातेवाईक. "ओखाला योबिएरा!" म्हणजे, "पाऊस पडता तर किती बरे होते!" आषाढ कोरडा गेलेल्या कुठल्याही गावच्या पारावर हे वाक्य शोभेल.

कोणी विचारील, स्पॅनिशचा आणि मराठी शेतकऱ्याचा कधी संबंध आला आहे का? आला आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. मायदेशी परतण्याची वाट बंद झाल्यावर ते १९२४ साली मेक्सिकोत पोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका आणि गहू यांच्या वाणांवर त्यांनी काम केले, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढण्यात त्यांचा वाटा होता. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीतील भिंतीवर त्यांचे चित्र काढले आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परत आले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले. हा वऱ्हाडी मुलखाजवळचा माणूस परक्या देशातल्या शेतकऱ्यांसमोर उभा राहून त्यांच्या भाषेत शेती शिकवत होता. शेतीवर बोलायचे म्हणजे 'पाऊस पडला तर' आणि 'पाऊस पडता तर' यांतला फरक त्याला पहिल्या आठवड्यातच लागला असेल, नाही का?

उलट बाजूही सांगतो. आपली भाषा शिकायला परके लोक आले, तेव्हा त्यांनीही आधी क्रियापदेच मांडली. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने कोंकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. दुसऱ्याच्या भाषेत त्याचे सुखदुःख समजून घ्यायचे, तर नामे उसनी घेऊन भागते. क्रियापदे मात्र कानाने ऐकावी लागतात.

आता दोन शब्द शिक्षकबंधूंना आणि भगिनींना. संकेतार्थ शिकवताना फळ्यावर आधी व्याख्या लिहू नका. मुलांना एवढेच विचारा: "काय झालं असतं तर तुला बरं वाटलं असतं?" वर्गातला प्रत्येक मुलगा एक वाक्य देईल, आणि एकही वाक्य व्याकरणात चुकणार नाही. मग त्याच वाक्याखाली उघड्या दाराचे वाक्य लिहा. 'पाऊस पडला तर' आणि 'पाऊस पडता तर'. कोणते दार उघडे, कोणते लागलेले, हे मुलांनाच सांगू द्या. एवढे झाले, की पुढे इंग्रजी शिकताना, हिंदी शिकताना आणि कोणाच्या नशिबी असेल तर स्पॅनिश शिकताना ते मूल अडणार नाही. गाठ एकदाच सोडवायची असते, आणि ती आईच्या भाषेत सोडवावी.

दुसरी विनंती लाल पेनाबद्दल. मुलाने घरचे रूप लिहिले तर ते खोडण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. ते चुकीचे आहे, की आपल्याच कानाला अनोळखी झाले आहे, हे पाहा. प्रमाण भाषा शिकवायची, यात वाद नाही. पण आधी अर्थाला उत्तर द्यावे आणि मग रूपाला हात लावावा. मी त्या दिवशी समासात "फीचे काय करायचे ते आपण बोलू" एवढे लिहितो, तर कदाचित पुढचे वेगळे घडते. पाहा, हे वाक्यही आता संकेतार्थातच लिहावे लागते.

शेजारची मुलगी पुढच्या महिन्यात परीक्षेला बसते आहे. ती 'पागारा' म्हणताना बोटाने टेबलावर जोराची जागा वाजवते. आजी म्हणते, "ही काय मृदंग शिकतेय की काय!"

आणि तो मुलगा? तो आता मोठा झाला असेल. कदाचित शेतातल्या झाडाला रेडिओ टांगून ऐकतही असेल. त्याच्यासाठी एक वाक्य मी जपून लिहिले आहे. तो ऐकत असला, तर त्याने एकदा महाविद्यालयात येऊन मला भेटावे. 'ऐकता तर' असे मी म्हणत नाही. 'ऐकत असला तर' असे म्हणतो. पहिल्या रूपात दार लागलेले असते. दुसऱ्यात ते उघडे असते, आणि आज मला ते उघडे ठेवायचे आहे.